शाखा आणि चंद्र : अवघड इंग्रजी शब्द लक्षात ठेवण्याच्या युक्त्या

(वाशीम येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न व उत्तरे दिली आहेत.)



आजचा विषय ऐकायला हलका वाटेल. अवघड, क्वचित भेटणारे इंग्रजी शब्द लक्षात कसे ठेवायचे? तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने हे कशाला सांगायचं, असंही कुणाच्या मनात आलं असेल. पण बघा, आठवण म्हणजे नेमकं काय, ती कशी होते आणि कधी होत नाही, हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न आहे. न्यायशास्त्राने त्यावर बारकाईने विचार केला आहे, ग्रीकांनीही केला आहे. तो विचार आपल्या पोरांच्या वहीपर्यंत आणता येतो का, एवढंच मला आज बघायचं आहे.

आधी हे कशासाठी, ते सांगतो. आपला वाशीम जिल्हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. २०१८ साली ती योजना सुरू झाली. महाराष्ट्रातून त्यात वाशीमबरोबर नंदुरबार, उस्मानाबाद आणि गडचिरोली हे जिल्हे घेतले गेले. इथली मुलं बँकेच्या परीक्षा देतात, एमपीएससी देतात, काही दिल्लीपर्यंत धडक मारतात. या सगळ्या वाटांवर कुठे ना कुठे इंग्रजीचा पेपर उभा असतो. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं, तरीही मंगरुळपीर किंवा मानोऱ्याच्या आतल्या खेड्यातल्या मुलाला अनोळखी इंग्रजी शब्द घरात, शेतात, एसटीत कुठेच भेटत नाही. तो फक्त यादीत भेटतो.

मग काय होतं? उतारा समोर येतो. दहा-बारा शब्द अडतात. पोरगा म्हणतो, "मला इंग्रजी येत नाही." इथवर ठीक आहे, शब्दांचा साठा कमी आहे एवढाच त्याचा अर्थ. पण थोड्या दिवसांनी तो म्हणायला लागतो, "माझं डोकंच चालत नाही." तर्कशास्त्राच्या भाषेत हा हेत्वाभास आहे. साठा कमी असणं हे कारण, आणि बुद्धी कमी असणं हा निष्कर्ष, यांचा काही संबंध नाही. पण या खोट्या निष्कर्षापायी कितीतरी मुलांनी फॉर्म भरणं सोडून दिलेलं मी बघितलं आहे. म्हणून हा विषय मला हलका वाटत नाही.

१. आठवण होते म्हणजे काय होतं?

अन्नंभट्टांचा 'तर्कसंग्रह' हा न्यायशास्त्राचा प्रवेशग्रंथ. त्यात स्मृतीची व्याख्या फार आटोपशीर आहे. केवळ संस्कारातून जे ज्ञान निर्माण होतं ती स्मृती, असा तिचा भावार्थ. म्हणजे आधी अनुभव येतो, तो मनावर ठसा ठेवून जातो आणि पुढे कधीतरी त्या ठशातून आठवण उगवते.

पण ठसा तर सतत असतो, मग आठवण सतत का होत नाही? नैयायिक म्हणतात, ठसा निजलेला असतो. त्याला जागं करणारं काहीतरी लागतं. त्याला ते 'उद्बोधक' म्हणतात. लग्नात ओळखीचा माणूस समोर येतो, नाव ओठांवर येतं पण बाहेर पडत नाही. घरी परतताना सोयाबीनचा ढीग दिसतो आणि एकदम नाव आठवतं, कारण त्याची-तुमची गाठ बाजार समितीत पडली होती. नाव विसरलेलं नव्हतंच. संस्कार होता, उद्बोधक नव्हता.

न्यायसूत्रांत तर आठवण जागी करणाऱ्या कारणांची यादीच दिली आहे, पंचवीसहून जास्त. त्यात प्रणिधान आहे, म्हणजे ठरवून मन लावणं. अभ्यास आहे, म्हणजे पुन्हा पुन्हा करणं. निबंध आहे, म्हणजे एका सूत्रात गोवणं. सादृश्य आहे, विरोध आहे, आनंतर्य म्हणजे एकामागून एक येणं आहे. आणि सुख, दुःख, भय, इच्छा, द्वेषसुद्धा आहेत. तिकडे ग्रीसमध्ये अॅरिस्टॉटलनेही स्मरणावर छोटा ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो की आठवत आठवत जाताना आपण सारखेपणा, उलटेपणा आणि जवळिकीच्या वाटेने जातो. सादृश्य, विरोध, आनंतर्य. दोन वेगळ्या देशांतली माणसं एकाच ठिकाणी पोचलेली दिसतात.

आता स्मरणाची युक्ती म्हणजे काय, ते एका वाक्यात सांगता येईल. संस्कार होत असतानाच त्याच्यासाठी उद्बोधक तयार करून ठेवायचा. पुढे आपोआप काहीतरी आठवून देईल याची वाट बघायची नाही.

२. युक्त्या आपल्या घरच्याच आहेत

हे परदेशातून आलेलं शास्त्र आहे असं समजू नका. इंद्रधनुष्याचे रंग तुम्ही कसे पाठ केले? 'तानापिहिनिपाजा'. तांबडा, नारंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. कोणत्या महिन्याचे दिवस ३१ हे बघायला आपण मूठ वळतो आणि बोटांची हाडं मोजतो.

वृत्तं शिकलेल्यांना 'यमाताराजभानसलगा' आठवत असेल. ही युक्ती मला फार सुंदर वाटते. 'य' गण कसा? तिथपासून तीन अक्षरं घ्या : यमाता. लघु, गुरू, गुरू. 'म' गण? मातारा. तिन्ही गुरू. एकेक अक्षर पुढे सरकत जा, आठही गण त्यात दडलेले सापडतात. दहा अक्षरांत अख्खा तक्ता बसवला आहे.

आणि अवघड शब्द पाठ करण्याचा प्रश्नही आपल्याकडे जुनाच आहे. वेदांतले दुर्बोध शब्द गोळा करून 'निघंटु' नावाची यादी तयार झाली आणि यास्काने 'निरुक्त'मध्ये त्या शब्दांची फोड केली. पुढे अमरसिंहाचा 'अमरकोश' आला. तो पद्यात आहे आणि त्यातले शब्द अकारविल्हे लावलेले नाहीत. स्वर्ग, दिशा, भूमी, वनस्पती, माणूस असे विषयवार वर्ग आहेत. न्यायसूत्रांतला 'निबंध' तो हाच. पाठशाळेतला मुलगा समुद्राचे शब्द समुद्राबरोबर शिकायचा.

आता आपल्या पोरांच्या हातातली यादी बघा. 'ए' अक्षरापासून सुरू. अबेट, अॅबडिकेट, अॅब्जुअर, अॅब्रोगेट. सगळे एकमेकांसारखे दिसणारे, अर्थाने मात्र लांबलांबचे. बाजारात हरवलेलं वासरू शोधायचं आणि सगळी वासरं एकाच रंगाची. यादीचा क्रम शोधायला सोपा असतो, शिकायला नाही.

३. खुंटीची पद्धत

आता मुख्य युक्तीकडे येऊ. मी तिला खुंटी म्हणतो. नवा शब्द म्हणजे नवा सदरा. तो हवेत टांगता येत नाही. भिंतीला आधीपासून ठोकलेली खुंटी लागते. आपल्या भिंतीवरच्या खुंट्या मराठी शब्दांच्या आहेत, त्याच वापरायच्या.

पायऱ्या दोनच. पहिली, इंग्रजी शब्दाच्या आवाजाशी मिळताजुळता मराठी शब्द शोधायचा. दुसरी, त्या मराठी शब्दाचं आणि खऱ्या अर्थाचं एक चित्र डोळ्यांसमोर उभं करायचं. चित्र जितकं ठसठशीत तितकं बरं.

अबेट. अर्थ : जोर कमी होणं, ओसरणं. आता रिसोडकडे पैनगंगेला पूर आला आहे असं बघा. सगळीकडे पाणीच पाणी. पाऊस थांबला, पाणी उतरायला लागलं आणि मधोमध काय दिसलं? बेट! पूर ओसरला की बेट दिसतं. अबेट.

मरोस. अर्थ : खिन्न, उदास, कुणाशी नीट न बोलणारा. तोंड पाडून बसलेल्या माणसाला विचारा, जेवतोस का? म्हणतो, मरो. लग्नाला येतोस का? मरो ते लग्न. मरोस.

गलिबल. अर्थ : चटकन फसणारा, भोळा. तलावात गळ टाकून बसलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. मासा आला, विचार केला नाही, गळाला लागला. गळाला लागतो तो गलिबल.

टॅसिटर्न. अर्थ : अबोल. ओठांना टाचणी लावून बसलेला माणूस. गॅरलस, बरोबर उलट, बडबड्या. भेटला की गाऱ्हाणं सुरू, तासभर संपत नाही. हे दोघं एकाच ओट्यावर शेजारी बसवा. एक टाचणीवाला, एक गाऱ्हाणंवाला. 'विरोध' हाही उद्बोधक आहे, हे न्यायसूत्रांनी सांगितलं आहेच.

तुम्ही हसलात. हसणं इथे उपयोगाचं आहे. सुख, दुःख, भय त्या यादीत उगाच आलेले नाहीत. कोरड्या चित्रापेक्षा हसवणारं चित्र जास्त टिकतं.

या पद्धतीची शिस्तशीर चाचणी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात रिचर्ड अॅटकिन्सन आणि मायकेल रॉ यांनी घेतली. १९७५ साली ती प्रसिद्ध झाली. विद्यार्थी इंग्रजी बोलणारे, शिकायचे शब्द रशियन. रोज ४० प्रमाणे तीन दिवसांत १२० शब्द. एका गटाला आवाजाच्या खुंट्या दिल्या, दुसऱ्याला नाही. शेवटच्या परीक्षेत खुंटीवाल्या गटाला ७२ टक्के अर्थ सांगता आले, दुसऱ्याला ४६ टक्के. सहा आठवड्यांनी अचानक पुन्हा विचारलं तेव्हा ४३ आणि २८.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचा. खुंटीने फायदा मोठा झाला, हे एक. पण सहा आठवड्यांत खुंटीवाल्यांचंही बरंच गळून गेलं, हे दुसरं. पुढच्या काही प्रयोगांत तर असंही दिसलं की उजळणी केली नाही तर खुंटीवर टांगलेले शब्द लवकर निसटतात. यादी विकणारे पहिली बाजू सांगतात. दुसरी आपण लक्षात ठेवायची.

४. खुंटी कुठे फसवते?

तीन ठिकाणी फसवते.

पहिलं, खुंटी उलटी बसते. फ्रूगल हा शब्द घ्या. अर्थ काटकसरी. मराठी कानाला 'फुगलं' जवळचं वाटतं. पण फुगलं म्हटलं की खिसा फुगलेला, खर्च फुगलेला दिसतो आणि परीक्षेत पोरगा 'उधळ्या'समोर खूण करून येतो. आवाज जुळला तरी चित्र उलट्या दिशेला जात असेल तर ती खुंटी टाकून द्यावी.

दुसरं, उच्चार बिघडतो. टाचणी टाचणी करता करता तोंडात 'टाचिटर्न' बसतं. म्हणून खुंटी ठोकण्याआधी मूळ शब्द चार वेळा मोठ्याने, नीट उच्चारायचा. आज मोबाइलवरच्या शब्दकोशात उच्चार ऐकायला मिळतो, तो ऐकावा.

तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं आहे. खुंटी अर्थाच्या जवळ नेते आणि तिथेच सोडून देते. मिटिगेट. पोरं म्हणतात, सर, सोपं आहे, मिटवणं! भांडण मिटवणं. खुंटी झकास आहे. पण मिटिगेटचा अर्थ मिटवणं नाही. तीव्रता कमी करणं, झळ कमी करणं. कोर्टात आरोपीचा वकील शिक्षा सौम्य व्हावी म्हणून जी परिस्थिती मांडतो तिला हे विशेषण लागतं. तिने गुन्हा मिटत नाही, शिक्षा हलकी होऊ शकते एवढंच. दुष्काळ मिटिगेट करायचा म्हणजे दुष्काळ संपवायचा नव्हे, त्याचा तडाखा कमी करायचा. बंधारे बांधणं, चारा साठवून ठेवणं ही ती कामं. 'मिटवणं' एवढंच धरून बसलेल्या मुलाला उतारा उलटा कळेल.

इथे आपल्या शास्त्रातला एक दृष्टांत आठवतो. शाखाचंद्र न्याय. प्रतिपदेनंतरची बारीक चंद्रकोर लहान मुलाला दाखवायची आहे, ती काही केल्या दिसत नाही. आपण म्हणतो, ती फांदी बघ, तिच्या टोकाशी चंद्र आहे. खरं म्हणजे चंद्र फांदीच्या टोकाशी नाही, तो लाखो मैल दूर आहे. वाक्य शब्दशः खोटं आहे. पण त्या खोट्या वाक्याने नजर बरोबर जागी जाते. अरुंधतीचा तारा दाखवतानाही असंच करतात, आधी शेजारचा ठळक वसिष्ठ दाखवायचा, मग नजर हळूच सरकवायची.

खुंटी म्हणजे ही फांदी. बेटाचा आणि अबेटचा काही संबंध नाही, गळाने गलिबल सिद्ध होत नाही. तरी चालेल, कारण फांदीचं काम नजर नेण्यापुरतं आहे. फांदीलाच चंद्र समजून घरी परतलेल्या मुलाने मात्र चंद्र बघितलेलाच नसतो. म्हणून प्रत्येक खुंटीनंतर एक पायरी आणखी हवी. शब्दकोश उघडायचा, दोन खरी वाक्यं वाचायची आणि विचारायचं, माझं चित्र अर्थापेक्षा मोठं आहे की लहान, बाजूला सरकलं आहे का? मिटिगेटसमोर वहीत लिहायचं : 'मिटत नाही, कमी होतं.' ही दुरुस्तीच पुढे फार चांगली लक्षात राहते.

५. खोटी फांदी आणि खरं नातं

सगळ्या शब्दांना खोट्या फांदीची गरज नसते. काही इंग्रजी शब्द आपले नातेवाईकच आहेत. १७८६ साली कलकत्त्यात विल्यम जोन्स यांनी आपल्या भाषणात सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा बहुधा एकाच मुळातून निघाल्या असाव्यात. त्यानंतर भाषाशास्त्राने हे नातं पक्कं केलं. इंग्रजीतले जड शब्द बहुतेक लॅटिन-ग्रीकमधून आलेले, म्हणजे चुलत घराण्यातले.

आपल्या शेतातलंच उदाहरण घ्या. बैलाच्या मानेवर काय ठेवतो? जू. हा शब्द संस्कृत 'युग'वरून आला, युग म्हणजे जोखड. लॅटिनमध्ये त्याचा भाऊ 'जुगुम'. आता सब्जुगेट बघा. सब म्हणजे खाली. जुवाखाली आणणं, म्हणजे जिंकून अंकित करणं. काँजुगल म्हणजे एका जुवाला जोडलेले, दांपत्याविषयीचं. इथे चित्र कल्पनेने जोडावं लागत नाही, ते शब्दाच्या पोटातच आहे.

आणखी काही सांगतो. सॉम्नलंट म्हणजे झोपाळू, इन्सॉम्निया म्हणजे निद्रानाश. लॅटिन 'सॉम्नस' आणि आपला 'स्वप्न' हे एकाच मुळाचे. जेन्युफ्लेक्ट म्हणजे गुडघा टेकणं. 'जेनू' म्हणजे जानू, आजानुबाहूमधला. सेडंटरी म्हणजे बैठं काम. त्यातला 'सेड' आणि संसद-परिषद यांतला 'सद्' एकच, बसणं. व्होसिफरस म्हणजे आरडाओरडा करणारा, 'व्हॉक्स' म्हणजे वाचा. इग्नाइट म्हणजे पेटवणं, अग्नी. आणि सेस्क्विपेडेलियन, लांबलचक शब्दांना लावायचं विशेषण. सेस्क्वि म्हणजे दीड, पेड म्हणजे पद, पाय. दीड पावलाचा शब्द! ज्यांच्या आजोबांनी दिडकी पाठ केली त्यांना हा शब्द परका वाटायचं कारण नाही.

गंमत म्हणजे एक शब्द तर आपण इंग्रजीला दिला आहे. मंगूस. तो मराठी 'मुंगूस'वरून गेला.

पण सावध राहा. दिसायला सारखं ते सगळं नात्यातलं नसतं. इंग्रजी 'डे' आणि आपला 'दिवस' सख्खे वाटतात, पण भाषाशास्त्र सांगतं की त्यांचं मूळ वेगळं. आठवणीसाठी त्यांना शेजारी बसवायला हरकत नाही, इतिहास म्हणून सांगू नका. वहीत दोन खुणा ठेवा : फांदीसाठी 'फां', नात्यासाठी 'ना'. खरं आणि सोयीचं यातला फरक कायम दिसत राहील.

६. उजळणी : वाचू नका, विचारा

खुंटी असो की नातं, उजळणीवाचून टिकत नाही. जर्मनीत हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरं स्वतः पाठ करून, स्वतःचीच परीक्षा घेऊन १८८५ साली दाखवलं की विसरणं सुरुवातीला फार झपाट्याने होतं आणि मग त्याचा वेग मंदावतो. म्हणून पहिली उजळणी त्याच दिवशी, दुसरी दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, आठवड्याने, महिन्याने. अंतर वाढवत न्यायचं.

पण उजळणी म्हणजे काय? आपली मुलं यादी पुन्हा पुन्हा वाचतात. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं. ओळख पटणं वेगळं आणि आठवणं वेगळं. २००८ साली जेफ्री कार्पिक आणि हेन्री रोडिगर यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले ४० शब्द अर्थासह शिकवले. शब्द एकदा आला की त्यानंतर काहींना तो पुन्हा पुन्हा विचारत राहिले, काहींना विचारणं बंद करून नुसता वाचायला दिला. आठवड्याने विचारलं तेव्हा ज्यांना विचारत राहिले त्यांना सुमारे ८० टक्के शब्द आले, नुसतं वाचणाऱ्यांना सुमारे ३६ टक्के.

म्हणजे पान झाकायचं आणि स्वतःला विचारायचं. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली जर्मन पुस्तकात एक साधी पेटी सुचवली. बुटांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे करा. चिठ्ठीच्या एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ, खुंटी आणि एक वाक्य. आला तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकला तर परत पहिल्या कप्प्यात. पहिला कप्पा रोज काढायचा, पुढचे उशिरा उशिरा. खर्च काहीच नाही आणि वीज गेली तरी अडत नाही.

पाठांतराला मी कमी लेखत नाही. वैदिकांनी जटापाठ, घनपाठ असे प्रकार काढले. घनपाठात तीन पदं घेऊन पहिलं-दुसरं, दुसरं-पहिलं, पहिलं-दुसरं-तिसरं, मग उलट, मग पुन्हा सुलट असं म्हणतात. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर लगेच पकडलं जातं. पण त्याच परंपरेत यास्क अर्थ न कळता वेद पाठ करणाऱ्याला भार वाहणाऱ्या खांबाची उपमा देतो. आवाज जपणं हे काम मोठं, पण अर्थ कळल्याशिवाय ते अर्धंच आहे.

७. वापरलं ते उरलं

शेवटचा मुद्दा आपल्या गावाच्या इतिहासातून सांगतो. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. इथे सापडलेला विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट अर्धा संस्कृतात, अर्धा प्राकृतात आहे. दोन भाषा एकाच पत्र्यावर! या शाखेचा मूळ पुरुष राजा सर्वसेन. त्याने प्राकृतात 'हरिविजय' नावाचं काव्य लिहिलं. ते आज संपूर्ण उपलब्ध नाही. मग त्यातले काही श्लोक आपल्याला माहीत कसे? पुढच्या साहित्यशास्त्रकारांनी आपापल्या ग्रंथांत ते उदाहरण म्हणून वापरले म्हणून.

शब्दांचंही असंच होतं. वहीत साठवलेली यादी हरवते. वाक्यात वापरलेला शब्द राहतो. म्हणून नवा शब्द आठवड्यात तीनदा खऱ्या कामात वापरा. मित्राला मेसेज लिहा : आज पाऊस अबेट झाला. मराठी वाक्यात घुसवला तरी चालेल, सुरुवातीला लाजू नका. आणि दिवसाला पन्नास शब्दांचा हट्ट सोडा. दहा घ्या. त्यातले दोन-तीन नात्यातले निघतील, चार-पाचांना फांदी लागेल, एखाददुसरा नुसत्या वाचनानेच बसेल.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न : सर, खुंट्या तयार करायला फार वेळ जातो. तयार खुंट्यांचं पुस्तक घेतलं तर?

उत्तर : घ्या, पण त्यातली निम्मी फेकायची तयारी ठेवा. पुण्या-मुंबईच्या मुलाच्या भिंतीवरची खुंटी तुमच्या भिंतीवर असेलच असं नाही. बेट म्हटल्यावर तुम्हाला पैनगंगा दिसते, दुसऱ्याला समुद्र दिसेल. आणि खुंटी शोधताना जो अर्धा मिनिट तुम्ही त्या शब्दाशी झगडता, ते प्रणिधान असतं. संस्कार तिथेच अर्धा होऊन जातो. शिक्षकांनी वर्गात गटागटाने खुंट्या शोधायला लावाव्यात. एका तासात आठ शब्द झाले तरी पुष्कळ.

प्रश्न : माझी मुलगी बंजारा भाषा बोलते. मराठी खुंटीही तिला परकीच. तिने काय करावं?

उत्तर : फार चांगला प्रश्न विचारलात. तिने गोरमाटीतली खुंटी घ्यावी. आपल्या जिल्ह्यात पोहरादेवी आहे, कितीतरी घरांत ती भाषा बोलली जाते. खुंटी प्रमाण मराठीतच हवी असा काही नियम नाही. आई ज्या शब्दाने हाक मारते तो शब्द सगळ्यांत घट्ट ठोकलेला असतो. उलट तिच्याकडे दोन भिंती आहेत, गोरमाटीची आणि मराठीची. तिला खुंट्या जास्त मिळतील. शिक्षकांनी तिला ती वर्गात मोठ्याने सांगू द्यावी, एवढं मात्र बघा.

प्रश्न : मी पंचावन्न वर्षांचा आहे. या वयात हे जमेल का?

उत्तर : मी सत्तरी ओलांडली आहे. इंग्रजीत त्याला सेप्टुअजनेरियन म्हणतात, त्यातला 'सेप्ट' म्हणजे आपला सप्त. वय वाढलं की नवे ठसे सावकाश उमटतात, हे खरं. पण आपल्या भिंतीवर खुंट्या पोरांपेक्षा किती जास्त! तुम्ही दिवसाला तीन शब्द घ्या. संध्याकाळी नातवाला विचारायला सांगा, आणि त्याला तुम्ही विचारा. दोघांचीही उजळणी होईल.